विद्यापीठाचें माहेरपण : मिसूरीचा ‘होमकमिंग’ सामना

‘होमकमिंग’ ह्या इंग्रजी शब्दाला मराठींत तंतोतंत प्रतिशब्द सांपडणार नाहीं. पण ‘माहेरपण’ हा शब्द त्याच्या पुष्कळच जवळ जातो. शिक्षण संपवून संसाराला लागलेले स्त्रीपुरुष वर्षांतून एकदां आपल्या जुन्या विद्यापीठाच्या गांवीं परत येतात; जुन्या इमारती, जुने गुरुजन व जुने सोबती ह्यांची भेट घेतात; आणि शनिवारीं विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉलचा सामना पाहून आपापल्या कामास परत जातात. अमेरिकेंतील बहुतेक विद्यापीठांत हा सोहळा दर वर्षीं, बहुधा ऑक्टोबर महिन्यांत, होत असतो.

महाराष्ट्रांतील अनेक घरांतलीं मुलें आज अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकत आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचा निरोप येतो कीं, येत्या शनिवारीं आमच्याकडे होमकमिंग आहे, सारें गांव सजलें आहे. घरांतील वडील माणसांना साहजिकच प्रश्न पडतो, कीं एका चेंडूच्या खेळासाठीं एवढी धामधूम कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं एकाच विद्यापीठाचें उदाहरण बारकाईनें पाहणें बरें. त्यासाठीं मिसूरी विद्यापीठ योग्य आहे. कारण ह्या सोहळ्याला आजचें रूप देण्यांत त्याचा वांटा मोठा आहे, आणि ‘घर’ ह्या शब्दाची कसोटीही तेथें इतरत्र क्वचितच लागली असेल इतक्या कठोरपणें लागली आहे. येत्या शरदृतूंत जेव्हां तेथील संघ होमकमिंगसाठीं मैदानांत उतरेल, तेव्हां पाहणारानें काय काय पाहावें, हें त्यावरून समजून येईल.

मिसूरी हें अमेरिकेच्या मध्यभागीं असलेलें राज्य. त्यांतील कोलंबिया गांवीं १८३९ सालीं हें विद्यापीठ स्थापन झालें. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस सरकारी खर्चानें चालणारें असें हें पहिलेंच विद्यापीठ. ९ जानेवारी १८९२ च्या रात्रीं त्याची मुख्य इमारत आगींत भस्मसात् झाली. तिच्या दर्शनी बाजूचे सहा दगडी खांब तेवढे उभे राहिले. पुढें नव्या इमारती झाल्या, पण ते खांब कोणी पाडले नाहींत. हिरवळीवर ते आजही तसेच उभे आहेत, आणि परत येणारा माजी विद्यार्थी प्रथम त्यांच्याकडेच वळतो.

आतां ह्या सोहळ्याच्या मुळाकडे वळूं. मिसूरीच्या पश्चिमेस कॅन्सस राज्य आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून ह्या दोन शेजाऱ्यांमध्यें यादवी युद्धाच्या आधींपासूनच रक्तपात चालला होता. मिसूरींत गुलाम बाळगण्यास कायद्यानें मुभा होती. कॅन्ससनें ती नाकारली. २१ ऑगस्ट १८६३ रोजीं मिसूरीच्या बाजूनें आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीनें कॅन्ससमधील लॉरेन्स हें गांव जाळलें व तेथील सुमारें १५० पुरुष व मुलगे ठार केले. त्याच लॉरेन्स गांवीं पुढें कॅन्ससचें विद्यापीठ निघालें. मिसूरीच्या संघाला ‘टायगर्स’ हें जें नांव आहे, तेंही यादवी युद्धाच्या काळांत कोलंबियाच्या रक्षणासाठीं उभारलेल्या नागरिकांच्या एका पथकाचें. १८९१ सालीं ह्या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा पहिला सामना झाला, तेव्हां लॉरेन्सच्या आगीला अवघीं अठ्ठावीस वर्षें लोटलीं होतीं. प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांच्या घरीं ती आठवण ताजी असावयाचीच.

कित्येक वर्षें हा सामना दोघांच्याही गांवीं न होतां कॅन्सस सिटी ह्या मोठ्या शहरांत होत असे. पुढें संघांच्या मंडळानें नियम केला कीं, सामने विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवरच व्हावेत. त्यामुळें १९११ सालीं सामना कोलंबियास आला. आतां एवढ्या लहान गांवीं प्रेक्षक येणार कोठून? विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे प्रमुख व संघाचे शिक्षक चेस्टर ब्रूअर ह्यांनीं त्यावर युक्ति काढली. त्यांनीं साऱ्या माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलें कीं, ह्या सामन्यासाठीं तुम्हीं घरीं या. सामन्याला मिरवणूक व उत्साहसभा ह्यांची जोड देण्यांत आली. २५ नोव्हेंबर १९११ रोजीं नऊ हजारांहून अधिक लोक कोलंबियाच्या रॉलिन्स मैदानावर जमले. एवढा थाटमाट होऊन सामन्याचा निकाल मात्र लागलाच नाहीं. दोन्ही संघांचे तीन-तीन गुण होऊन तो बरोबरींत सुटला.

त्याच दिवशीं तिकडे लॉरेन्समध्येंही एक मौज घडली. रेडिओचा जमाना अजून यावयाचा होता. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील प्रसिद्ध ‘केडीकेए’ केंद्र सुरू व्हावयास अजून नऊ वर्षें अवकाश होता. पण लॉरेन्स येथें हजाराहून अधिक लोक एकत्र जमले होते. कोलंबियाहून तारेनें क्षणोक्षणीं बातमी येई, ती मोठ्यानें वाचून दाखविण्यांत येई, आणि चेंडू कोठवर गेला हें एका यांत्रिक फळ्यावर दाखविलें जाई. दूरवरचा खेळ जणुं डोळ्यांसमोर चालला आहे अशा थाटांत ती मंडळी जयघोष करीत होती. दूर राहून एकत्र ऐकण्याचा जो आनंद पुढें रेडिओनें घरोघर पोंचविला, त्याची ही एक पूर्वतयारीच म्हणावयाची.

होमकमिंग प्रथम कोणीं केलें, ह्याविषयीं मात्र एकमत नाहीं. टेक्ससमधील बेलर विद्यापीठानें १९०९ सालीं, तर इलिनॉय विद्यापीठानें १९१० सालीं माजी विद्यार्थ्यांना बोलावून असाच सोहळा केला होता, आणि तीं दोन्ही विद्यापीठें अग्रमानावर आपला हक्क सांगतात. हा वाद सुटणें कठीण आहे, व तो सोडविण्याची फारशी गरजही नाहीं. एवढें खरें कीं, आगगाडी गांवोगांव पोंचलेली होती, शिकून बाहेर पडलेल्यांची संख्या वाढत होती, आणि विद्यापीठांना त्यांच्या आपुलकीची व देणग्यांची गरज होती. त्या काळीं ही कल्पना एकाच वेळीं अनेकांना सुचावी ह्यांत नवल नाहीं.

येत्या सोहळ्याचा क्रम परंपरेनें ठरलेला आहे. आदल्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या मंडळांचीं निवासगृहें चित्रांनीं व हलत्या देखाव्यांनीं सजविलीं जातात. आपल्याकडील गणेशोत्सवांतील आरास पाहावयास जशी कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात, तशी गांवची मंडळी तीं पाहावयास येतात. ह्याच सुमारास विद्यार्थी मोठ्या संख्येनें रक्तदान करतात. शनिवारीं सकाळीं गांवांतून मिरवणूक निघते. तींत वाद्यवृंद, सजविलेले गाडे, विद्यापीठाचे अधिकारी व माजी विद्यार्थी असतात. नंतर मैदानाबाहेरच्या मोकळ्या जागेंत मोटारींच्या आडोशानें चुली पेटतात आणि ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना आग्रहानें खाऊं घातलें जातें. सामना ज्या क्रीडांगणावर होतो, तें पहिल्या महायुद्धांत कामास आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ बांधलें गेलें व १९२६ सालीं उघडलें. बांधकामांतून उरलेले दगड घेऊन १९२७ सालीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं उत्तरेकडील उतारावर ‘एम्’ हें प्रचंड अक्षर रचलें व त्यास पांढरा रंग दिला.

आतां प्रत्यक्ष खेळाविषयीं. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायानें खेळावयाचा खेळ. अमेरिकन फुटबॉलांत चेंडू अंडाकृति असतो, आणि तो बहुतांशीं हातांत धरूनच पुढें न्यावयाचा असतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू एका वेळीं मैदानांत असतात. मैदानाची खेळाची लांबी शंभर यार्ड. तिच्या दोन्ही टोंकांस आणखी दहा-दहा यार्डांचा एक-एक पट्टा. ज्या संघाकडे चेंडू आहे, त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तेवढें साधलें कीं पुन्हां नवे चार प्रयत्न मिळतात, नाहीं साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यांत नेला कीं ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. तेवढें शक्य नसल्यास लाथेनें चेंडू दोन खांबांमधून धाडून तीन गुण मिळवितां येतात. पंधरा मिनिटांचे चार भाग मिळून सामना होतो, पण मधल्या थांबण्यांमुळें प्रत्यक्षांत तीन तासांहून अधिक वेळ जातो. १९११ च्या पहिल्या सामन्यांत नियम निराळे होते. दहा यार्डांसाठीं तीनच प्रयत्न मिळत व टचडाउनला पांचच गुण असत. त्या दिवशींचे तीन-तीन गुण म्हणजे दोन्ही बाजूंची एक-एक अचूक लाथ, एवढेंच.

ज्याला नियमांचा सराव नाहीं, त्यानेंही एक गोष्ट कान देऊन ऐकावी. यजमान संघाकडे चेंडू असतो, तेव्हां सारें क्रीडांगण बरेंच शांत असतें. पाहुण्या संघाकडे चेंडू गेला कीं हजारों कंठांतून एकच गर्जना सुरू होते. ह्यांत केवळ उत्साह नसतो, हिशेब असतो. चेंडू खेळविणारा मुख्य खेळाडू, ज्याला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात, तो आपल्या सोबत्यांना ओरडून इशारे देतो. ते इशारे ऐकूं जाऊं नयेत म्हणून हा गलका. प्रेक्षक तेथें नुसता पाहात नाहीं, एका परीनें खेळतोही. परत आलेल्या साठ वर्षांच्या वकिलाला अगर शेतकऱ्याला आपण अजून ह्या संघाचे आहों असें वाटतें, त्याचें एक कारण हेंच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. होमकमिंगसाठीं प्रतिपक्ष निवडतांना पुष्कळ विद्यापीठें आपल्याहून दुबळा संघ पाहतात. घरीं आलेल्या पाहुण्यांना पराभव दाखवूं नये, हा त्यांतील हेतु. म्हणून अशा सामन्यांतील मोठ्या जयानें हुरळून जाऊं नये. खरी परीक्षा तेव्हांच होते, जेव्हां प्रतिपक्ष तोडीस तोड असतो. मिसूरीनें पहिल्या होमकमिंगला आपल्या सर्वांत कट्टर वैऱ्यास बोलाविलें होतें, हें ह्या दृष्टीनें विशेष आहे. तें कॅन्ससबरोबरचें वैर २०११ सालानंतर मैदानावरून नाहींसें झालें. कारण २०१२ सालीं मिसूरीनें संघांचें जुनें मंडळ सोडून आग्नेय विभागाच्या मंडळांत प्रवेश केला. ६ सप्टेंबर २०२५ रोजीं कोलंबियास तो सामना पुन्हां झाला, व मिसूरीनें तो ४२-३१ गुणांनीं जिंकला.

इतकें झाल्यावर मूळ प्रश्न राहतोच. ‘घरीं या’ असें म्हणतांना हें घर कोणाचें?

प्रथम खेळाडूंचेंच पाहूं. हे विद्यार्थी हौसेनें खेळतात, त्यांस वेतन द्यावयाचें नाहीं, असा नियम कित्येक दशकें होता. शिष्यवृत्ति मिळे, पण क्रीडांगणावर जमणाऱ्या कोट्यवधि डॉलरांत त्यांचा हिस्सा नसे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलें नांव व छायाचित्र जाहिरातीस देऊन पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें एका तडजोडीस मान्यता दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठेंही खेळाडूंना सरळ पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षासाठीं ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर होती. त्यांतच एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जाऊन लगेच खेळण्याचे निर्बंधही सैल झाले आहेत. ज्यांच्या श्रमांवर उत्सव उभा आहे, त्यांस मोबदला मिळावा हें न्याय्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा कीं, चाळीस वर्षांपूर्वीं शिकलेला गृहस्थ ‘आपला संघ’ म्हणून ज्यांच्यासाठीं घसा कोरडा करतो, त्यांतील कित्येक जण गेल्या वर्षीं दुसऱ्याच गांवीं खेळत होते, व पुढील वर्षीं कदाचित् तिसऱ्याच गांवीं असतील.

दुसरा प्रश्न ह्याहून खोल आहे. ज्या १९११ सालीं पहिलें होमकमिंग झालें, त्याच सालीं लॉइड गेन्स ह्या कृष्णवर्णीय मुलाचा जन्म झाला. मिसूरींतील कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या लिंकन विद्यापीठाची पदवी मिळवून त्यानें मिसूरी विद्यापीठाच्या कायदेशाळेंत प्रवेश मागितला. केवळ वर्णामुळें तो नाकारण्यांत आला. शेजारच्या राज्यांत जाऊन शीक, फी आम्ही भरूं, असें सरकारनें सुचविलें. गेन्स न्यायालयांत गेला. १२ डिसेंबर १९३८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गोऱ्या विद्यार्थ्यांस राज्यांत कायद्याचें शिक्षण मिळत असेल, तर कृष्णवर्णीयासही तें राज्याच्या हद्दींतच मिळालें पाहिजे. विद्यापीठानें दार उघडलें नाहीं. राज्यानें घाईघाईनें निराळी कायदेशाळा काढण्याचा घाट घातला. पुढें १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळीं गेन्स शिकागो येथील आपल्या मुक्कामाहून बाहेर पडला, तो पुन्हां कोणास दिसला नाहीं. मिसूरी विद्यापीठांत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९५० सालीं. गेन्सला त्याच विद्यापीठानें कायद्याची सन्मान्य पदवी दिली २००६ सालीं. ती घ्यावयास तो नव्हता. तोपर्यंत जवळजवळ शंभर होमकमिंग होऊन गेलीं होतीं.

१० ऑक्टोबर २०१५ रोजीं होमकमिंगची मिरवणूक चालली असतां अकरा कृष्णवर्णीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले व त्यांनीं विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ ह्यांची मोटार अडविली. १९५० ह्या सालावरूनच त्यांनीं आपल्या गटाचें नांव ठेवलें होतें. एकामागून एकानें पुढें येऊन १८३९ पासूनचा आपला इतिहास ध्वनिवर्धकांतून वाचून दाखविला. अध्यक्ष मोटारींतून उतरले नाहींत. पोलिसांनीं रस्ता मोकळा केला, मिरवणूक पुढें गेली, आणि त्या दिवशींचा सामना मिसूरीनें फ्लॉरिडाविरुद्ध ३-२१ असा गमावला.

गोष्ट तेथेंच थांबली नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं एका विद्यार्थ्यानें अन्नत्याग आरंभिला. ७ नोव्हेंबर रोजीं संघांतील कृष्णवर्णीय खेळाडूंनीं जाहीर केलें कीं, अध्यक्ष पायउतार होईपर्यंत आम्ही खेळणार नाहीं. संघाचे शिक्षक गॅरी पिंकेल ह्यांनीं त्यांस पाठिंबा दिला. आठवड्याभरानें व्हावयाचा सामना रद्द झाला असता, तर विद्यापीठास दहा लक्ष डॉलर भरावे लागले असते. ९ नोव्हेंबर रोजीं अध्यक्षांनीं राजीनामा दिला. अन्नत्याग सुटला, खेळाडू मैदानावर परतले व १४ नोव्हेंबरचा सामना त्यांनीं २०-१६ असा जिंकला. ह्या घटनेविषयीं तेथें मतभेद फार झाले. पुष्कळ माजी विद्यार्थी रुष्ट झाले, आणि पुढील दोन वर्षांत नव्यानें प्रवेश घेणाऱ्यांची संख्या बरीच घटली. विद्यार्थ्यांनीं योग्य केलें कीं अयोग्य, हा वाद तेथील घरांत अजूनही निघतो. पण एवढें निश्चित कीं, त्यांनीं हा दिवस अकारण निवडला नव्हता. ज्या दिवशीं सर्वांस ‘घरीं या’ म्हणतात, त्याच दिवशीं त्यांनीं विचारलें कीं, ह्या घरांत आमची जागा कोणती?

आपल्याकडील माहेरवाशिणीचा अनुभवही ह्याहून फार निराळा नाहीं. माहेर म्हणजे केवळ जुनी वास्तु नव्हे. दारांत कोणी वाट पाहात असेल तरच तें माहेर. म्हणून येत्या होमकमिंगचा सामना पाहणारानें गुणफलकाकडे अवश्य पाहावें, टचडाउनचा आनंदही लुटावा. पण मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंस कोण कोण उभे आहे, इकडेही नजर टाकावी. आणि ज्यांचीं मुलें त्या दूरच्या गांवीं शिकत आहेत, त्यांनीं सामना जिंकला कीं हरला एवढेंच विचारून थांबूं नये. त्या दिवशीं तूं कोठें उभा होतास, तुला कोणीं आपल्या चुलीपाशीं जेवावयास बोलाविलें, आणि तूं कोणास बोलाविलेंस, हेंही विचारावें.